आजार कोणाचा आणि डॉक्टर कोणाचे? दक्षिण आफ्रिकेतील फॅमिली मेडिसिन काय शिकवते

१९४० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतील कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये सिफिलिस हा गुप्तरोग मोठ्या प्रमाणावर पसरला होता. गोऱ्या सत्ताधारी समाजाकडे याचे उत्तर तयारच होते. हे लोक असेच असतात, त्यांची नीतिमत्ता सैल असते, हा त्यांच्या वंशाचा दोष आहे. असे उत्तर मान्य केले की सरकारवर कसलीच जबाबदारी उरत नाही.

१९४९ मध्ये सिडनी कार्क या डॉक्टरने तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात एक लेख लिहून हे उत्तर खोडून काढले. रोग जंतूमुळे होतो हे खरे, पण तो जंतू कोणत्या वाटेने पसरला, असा त्याचा प्रश्न होता. १९१३ च्या जमीन कायद्याने आफ्रिकन लोकांसाठी देशाची जेमतेम सात टक्के जमीन ठेवली होती. एवढ्या जमिनीवर पोट भरत नव्हते, शिवाय कर रोखीत भरावा लागत होता. म्हणून पुरुष सोन्याच्या खाणींकडे गेले. तिथे त्यांना कंपाउंड नावाच्या बराकींत ठेवले जाई आणि बायकामुलांना सोबत आणायला परवानगी नसे. महिनोन्‌महिने एकटे राहिलेले हे मजूर आजार घेऊन गावी परतत आणि तो घराघरांत पोहोचे. कार्क यांचा निष्कर्ष स्पष्ट होता. केवळ औषध देऊन भागणार नाही, कारण कुटुंब मोडणारी मजुरीची व्यवस्थाच या रोगाला वाट करून देते आहे.

समाजशास्त्र शिकताना माझ्या वाचनात हा लेख आला, तेव्हा मला प्रश्न पडला की एका डॉक्टरला हे कसे दिसले. त्याच काळात देशात शेकडो डॉक्टर होते. त्यांच्याकडेही हेच रुग्ण येत होते, हेच जंतू त्यांनाही दिसत होते. मग कार्क यांच्याकडे वेगळे काय होते? ते काम कुठे करत होते, हे पाहिले की याचे उत्तर मिळते.

फोलेला : दवाखाना सोडून घराघरांत

सिडनी आणि एमिली कार्क या डॉक्टर दांपत्याने १९४० मध्ये नाताळ प्रांतातील फोलेला या डोंगराळ भागात आरोग्य केंद्र सुरू केले. हा झुलू भाषिक शेतकऱ्यांचा आणि मजुरांचा गरीब मुलूख. त्यांच्यासोबत एडवर्ड जाली हे वैद्यकीय सहायक आणि अमेलिया जाली या नर्स होत्या. जाली दांपत्य आफ्रिकन होते. लोकांची भाषा आणि रीतिरिवाज जाणणारी ही माणसे नसती तर केंद्र उभेच राहिले नसते. इतिहास लिहिताना डॉक्टरांची नावे आधी येतात, म्हणून जाली दांपत्याचे नाव इथे मुद्दाम घेतो आहे.

या केंद्राची पद्धत त्या काळात नवी होती. कोण आजारी पडून येते याची वाट न पाहता त्यांनी एक ठरावीक परिसर निवडला आणि तिथल्या प्रत्येक घराची पाहणी केली. घरात माणसे किती, खातात काय, पाणी कुठून आणतात, मुले किती दगावली, याची नोंद झाली. स्थानिक तरुणांना प्रशिक्षण देऊन आरोग्य कार्यकर्ते केले गेले. पाहणीतून कुपोषण हा सर्वांत मोठा प्रश्न निघाला, म्हणून केंद्राने भाजीपाल्याच्या बागा लावायला मदत केली, मुलांच्या आणि गरोदर स्त्रियांच्या आहारावर काम केले. काही वर्षांनी पुन्हा पाहणी करून फरक पडला का, हे मोजले. बालमृत्यू कमी झाले.

उपचार, प्रतिबंध आणि संशोधन या तिन्ही गोष्टी इथे एकाच टीमच्या हातात होत्या. पुढे जगभर या पद्धतीला समुदायाभिमुख प्राथमिक आरोग्यसेवा म्हटले गेले. सिफिलिसवरचा तो लेख याच कामातून आला. रुग्णाच्या घरी जाणाऱ्या डॉक्टरला खाणीतून परतलेला नवरा दिसतो. मोठ्या शहरातल्या वॉर्डात बसलेल्या डॉक्टरपर्यंत मात्र फक्त जखम येते.

१९४२ मध्ये सरकारने हेन्री ग्लुकमन यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्य आयोग नेमला. १९४४ च्या अहवालात आयोगाने फोलेलाच्या धर्तीवर देशभर ४०० आरोग्य केंद्रे उभारावीत, अशी शिफारस केली. प्रत्यक्षात चाळीसच्या आसपास केंद्रे सुरू झाली. १९४८ मध्ये नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि वर्णभेद हे अधिकृत धोरण झाले. कृष्णवर्णीय माणसाला आरोग्याचा समान हक्क देणारी योजना त्या सरकारला परवडणारी नव्हती. पैसा आटला, केंद्रे एकेक करून बंद पडली किंवा साधे दवाखाने होऊन राहिली. कार्क दांपत्याने १९५० च्या दशकाच्या अखेरीस देश सोडला. त्यांचे अनेक सहकारीही परदेशी गेले.

विचार मात्र मेला नाही. जॅक गायगर नावाचा अमेरिकन वैद्यकीय विद्यार्थी १९५७ मध्ये तिथे शिकायला आला होता. पुढे नागरी हक्कांच्या चळवळीत उतरलेल्या याच गायगर यांनी सहकाऱ्यांसोबत १९६० च्या दशकात बोस्टनमध्ये आणि मिसिसिपीतील गरीब कृष्णवर्णीय भागात सामुदायिक आरोग्य केंद्रे उभी केली. अमेरिकेतील अशा केंद्रांची सुरुवात तिथून झाली. प्राथमिक आरोग्यसेवेचा जो विचार १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेत जगाने स्वीकारला, त्यामागेही फोलेलासारखे अनुभव होते. आपल्या महाराष्ट्रातील जामखेडचा प्रयोगही त्याच विचारप्रवाहातला. परिषदेच्या तीन वर्षे आधी जागतिक आरोग्य संघटनेने काढलेल्या पुस्तकात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण होते.

वैद्यकीय शिक्षणातला वर्णभेद

आता दुसरी बाजू पाहू. डॉक्टर कोणाला होता येत होते?

केप टाउन आणि जोहान्सबर्ग इथल्या विद्यापीठांत मूठभर कृष्णवर्णीय विद्यार्थी वैद्यकशास्त्र शिकत. त्यांना गोऱ्या रुग्णाला तपासता येत नसे. गोऱ्या माणसाच्या मृतदेहाचे विच्छेदन सुरू झाले की त्यांना बाहेर जावे लागे. गोऱ्या विद्यार्थ्याला मात्र कोणाच्याही शरीरावर शिकण्याची मुभा होती. १९५९ च्या कायद्यानंतर या विद्यापीठांत शिकायला मंत्र्याची परवानगी लागू लागली. वर्णभेद संपल्यावर सत्य व सलोखा आयोगाने १९९७ मध्ये आरोग्य क्षेत्रासाठी खास सुनावणी घेतली, तेव्हा या गोष्टी जाहीरपणे नोंदवल्या गेल्या.

१९५१ मध्ये डर्बनला नाताळ विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ते आफ्रिकन, भारतीय वंशाच्या आणि ‘कलर्ड’ म्हटल्या जाणाऱ्या मिश्रवंशीय विद्यार्थ्यांसाठी होते. १९७६ मध्ये प्रिटोरियाजवळ मेडुन्सा हे आणखी एक विद्यापीठ निघाले. वेगळी महाविद्यालये काढण्यामागे सरकारचा हेतू वर्णभेद टिकवण्याचा होता. पण डर्बनच्या वसतिगृहात वेगळेच घडले. १९६६ मध्ये स्टीव्ह बिको तिथे शिकायला आला. त्याच विद्यार्थ्यांमधून कृष्णवर्णीयांची स्वतंत्र विद्यार्थी संघटना उभी राहिली आणि ब्लॅक कॉन्शसनेसचा, म्हणजे आत्मभानाचा विचार देशभर पसरला. बिकोची सहकारी मांफेला रांफेले डॉक्टर झाली. १९७५ मध्ये चळवळीने किंग विल्यम्स टाउनजवळच्या खेड्यात झानेम्पिलो आरोग्य केंद्र सुरू केले, त्याची जबाबदारी तिने घेतली. म्हणजे सरकारने बंद पाडलेले काम शोषितांच्या मुलांनी स्वतःच्या बळावर पुन्हा हाती घेतले.

१९७७ मध्ये पोलीस कोठडीत बिकोला मारहाण झाली. डोक्याला गंभीर इजा होती. आयव्हर लँग आणि बेंजामिन टकर या दोन सरकारी डॉक्टरांनी त्याला तपासले. लँग यांनी तर काहीच वावगे आढळले नाही असे लिहून दिले. मरणासन्न बिकोला गाडीत टाकून हजार किलोमीटरहून दूर प्रिटोरियाला नेले गेले. १२ सप्टेंबरला तो मरण पावला. वैद्यकीय परिषदेने सुरुवातीला या डॉक्टरांवर कारवाई करण्यास नकार दिला. फ्रान्सेस एम्स आणि आणखी काही डॉक्टर परिषदेविरुद्ध कोर्टात गेले. अखेर १९८५ मध्ये चौकशी झाली. टकर यांचे नाव नोंदणीतून काढले गेले, लँग ताकीद देऊन सुटले.

हे दोघे शिकलेले होते, त्यांच्याकडे पदवी होती. त्यांचे शिक्षण मात्र अशा व्यवस्थेत झाले होते जिथे एका माणसाचे दुखणे दुसऱ्याच्या दुखण्याइतके खरे मानले जात नव्हते. म्हणून वैद्यकीय प्रशिक्षणाचा विचार करताना अभ्यासक्रमात काय आहे एवढेच पाहून चालत नाही.

फॅमिली मेडिसिन म्हणजे नेमके काय?

फॅमिली डॉक्टर म्हटले की आपल्याला गल्लीतला, तीन पिढ्यांना ओळखणारा डॉक्टर आठवतो. दक्षिण आफ्रिकेत आज हा शब्द एका स्वतंत्र विशेषज्ञासाठी वापरतात. २००७ मध्ये तिथे फॅमिली मेडिसिनला सर्जरी किंवा बालरोगासारखी विशेष शाखा म्हणून मान्यता मिळाली. पदवीनंतर चार वर्षांचे प्रशिक्षण असते आणि त्यात संशोधन प्रबंधही करावा लागतो.

हे प्रशिक्षण प्रामुख्याने सामुदायिक आरोग्य केंद्रांत आणि डिस्ट्रिक्ट हॉस्पिटलमध्ये होते. तिथले डिस्ट्रिक्ट हॉस्पिटल म्हणजे साधारण आपल्याकडचे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय. अशा ठिकाणी सगळे विशेषज्ञ नसतात. त्यामुळे या डॉक्टरला सिझेरियन करता यावे लागते, भूल देता यावी लागते, टीबी, एचआयव्ही, मधुमेह, मानसिक आजार सगळे पाहावे लागते. शिवाय नर्सना अडलेल्या केसमध्ये सल्ला देणे, कनिष्ठांना शिकवणे, उपचारांचा दर्जा तपासणे आणि आसपासच्या समुदायाच्या आरोग्याचा विचार करणे हीसुद्धा त्याचीच कामे. फोलेलाचा विचार साठ वर्षांनी असा अभ्यासक्रमात परतला.

शेजारी देशांतही ही वाट रुजते आहे. बोत्स्वानात २००९ पर्यंत स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालयच नव्हते. ते सुरू झाल्यावर दोन वर्षांत फॅमिली मेडिसिनचे प्रशिक्षण राजधानी सोडून माउन आणि महालाप्ये या गावांतील रुग्णालयांत चालू झाले. लेसोथोने लेरिबे जिल्ह्यात असा कार्यक्रम सुरू केला. या विद्यापीठांना जोडणारे प्रिमाफामेड नावाचे जाळे आहे. त्यातून दक्षिण आफ्रिकेतील जुने विभाग इतर आफ्रिकी देशांतल्या नव्या विभागांना साथ देतात. पूर्वी प्रशिक्षणासाठी युरोपकडे पाहावे लागे, आता शेजाऱ्याकडून शिकता येते.

संशोधनाचा प्रश्न कोणी विचारायचा?

१९६१ मध्ये केर व्हाइट आणि सहकाऱ्यांनी एक हिशेब मांडला होता. दर १,००० प्रौढांपैकी महिन्याभरात ७५० जणांना काही ना काही दुखणे होते, २५० डॉक्टरकडे जातात, ९ रुग्णालयात दाखल होतात आणि विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयात जेमतेम एक जण पोहोचतो. हा हिशेब अमेरिका आणि ब्रिटनच्या माहितीवरचा आहे, पण त्यातला मुद्दा सगळीकडे लागू पडतो. वैद्यकीय विद्यार्थी त्या एका रुग्णावर शिकतात, बहुतेक संशोधनही त्याच्यावरच होते. उरलेले ९९९ पुस्तकाबाहेर राहतात.

दक्षिण आफ्रिकेतील फॅमिली मेडिसिनच्या अभ्यासकांनी हा उरलेला भाग पाहायला घेतला. २०१२ मध्ये बॉब मॅश आणि सहकाऱ्यांनी चार प्रांतांतील सरकारी प्राथमिक आरोग्यसेवेची पाहणी प्रसिद्ध केली. तीत १८,००० हून अधिक तपासण्यांची नोंद होती. लोक कोणती तक्रार घेऊन येतात आणि निदान काय होते, एवढाच साधा प्रश्न. उत्तरातून दिसले की सुमारे ८६ टक्के रुग्णांना नर्सनी तपासले होते, डॉक्टरांनी नव्हे. निदानांत उच्च रक्तदाब आघाडीवर होता. म्हणजे देशाची आरोग्यसेवा प्रत्यक्षात नर्सच्या खांद्यावर उभी आहे. तसे असेल तर प्रशिक्षण, मार्गदर्शक पुस्तिका आणि औषधे देण्याचे अधिकार यांचा विचार नर्सला समोर ठेवूनच करावा लागेल. मोठ्या रुग्णालयात बसून ही गोष्ट कधीच कळली नसती.

आफ्रिकेतील प्राथमिक आरोग्यसेवा आणि फॅमिली मेडिसिनला वाहिलेले स्वतंत्र नियतकालिकही निघते आहे. एखाद्या छोट्या दवाखान्यातल्या डॉक्टरला आपल्या रुग्णांविषयीचा अभ्यास छापायला परदेशी संपादकाची मर्जी सांभाळावी लागत नाही. ज्ञानाच्या क्षेत्रात हेही प्रतिनिधित्वच आहे.

गावातला मुलगा गावात परततो का?

खेड्यात डॉक्टर टिकत नाहीत, ही तक्रार तिथेही आहे. १९९८ पासून दक्षिण आफ्रिकेने नव्या डॉक्टरांना एक वर्ष सक्तीची सामुदायिक सेवा लावली. त्याने जागा भरतात, पण वर्ष संपले की बहुतेक जण निघून जातात.

२००३ मध्ये डी व्हरीस आणि रीड यांनी वेगळा प्रश्न विचारला. ग्रामीण भागातून आलेले विद्यार्थी डॉक्टर झाल्यावर ग्रामीण भागात काम करतात का? त्यांच्या अभ्यासात ग्रामीण पार्श्वभूमीच्या डॉक्टरांपैकी ३८ टक्के ग्रामीण भागात काम करत होते, तर शहरी पार्श्वभूमीच्या डॉक्टरांमध्ये हे प्रमाण १२ टक्के होते. तिपटीहून अधिक फरक. म्हणजे खेड्याला डॉक्टर मिळणार की नाही, हे बऱ्याच अंशी प्रवेशाच्या दिवशीच ठरते.

क्वाझुलू-नाताळच्या उत्तर टोकाला इंग्वावुमा नावाचे गाव आहे. तिथल्या मोस्व्होल्ड रुग्णालयात वर्षानुवर्षे जागा रिकाम्या राहत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस रुग्णालयातले डॉक्टर अँड्र्यू रॉस आणि सहकाऱ्यांनी ठरवले की बाहेरून येणाऱ्याची वाट पाहायची नाही. परिसरातल्या शाळांमधली मुले निवडायची. त्यांनी आधी काही दिवस रुग्णालयात स्वेच्छेने काम करायचे. निवड झालेल्यांना फी, राहणे, पुस्तके यासाठी मदत द्यायची, आणि जितकी वर्षे मदत तितकी वर्षे परत येऊन सेवा, असा करार करायचा. पुढे या योजनेची उम्थोम्बो ही संस्था झाली आणि तिच्यातून शेकडो डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट, फिजिओथेरपिस्ट तयार झाले.

रॉस पुढे विद्यापीठात फॅमिली मेडिसिन शिकवू लागले आणि त्यांनी याच योजनेवर संशोधन केले. या मुलांच्या शाळा कमकुवत होत्या, तरी त्यांच्या उत्तीर्ण होण्याचे प्रमाण चांगले राहिले. कारण केवळ पैसे देऊन संस्था थांबली नाही. प्रत्येक विद्यार्थ्याशी नियमित बोलणारा मार्गदर्शक ठेवला गेला. अभ्यास अडला, घरी अडचण आली, परके शहर अंगावर आले, तर बोलायला माणूस होता. ‘या मुलांना झेपणार नाही’ असे म्हणणाऱ्यांना हे आकड्यांनिशी उत्तर आहे. विद्यार्थ्याला कमी पडते ते अनेकदा आधाराचे बळ, बुद्धी नव्हे.

भाषेचाही प्रश्न तिथे गांभीर्याने घेतला जातो. क्वाझुलू-नाताळ विद्यापीठाने २०१४ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी झुलू भाषा सक्तीची केली. रुग्ण सांगतो ते दुभाष्याशिवाय समजणे हा उपचाराचाच भाग आहे.

सगळे सुरळीत नाही

वर्णभेद कायद्याने गेला तरी त्याने बनवलेली आरोग्यव्यवस्था अजून उभी आहे. वैद्यकीय विम्याचे कवच साधारण सहापैकी एकाच माणसाला आहे. उरलेले लोक सरकारी सेवेवर अवलंबून आहेत, आणि डॉक्टर व पैसा मात्र खासगी क्षेत्राकडे झुकलेला आहे. मे २०२४ मध्ये राष्ट्रीय आरोग्य विमा कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली, पण त्याला लगेच कोर्टात आव्हाने मिळाली. दुसरीकडे सरकारकडे पदे भरायला पैसा नाही म्हणून प्रशिक्षित डॉक्टर नोकरीसाठी आंदोलन करताना दिसले. दवाखान्यात रांग आणि रस्त्यावर बेकार डॉक्टर, अशी अवस्था. फॅमिली फिजिशियनची संख्याही देशाच्या गरजेपेक्षा फार कमी आहे. चांगले प्रशिक्षण आणि चांगले संशोधन यांना राजकीय इच्छाशक्तीची जोड नसेल तर काय होते, हे फोलेलाने १९४८ नंतर दाखवलेच होते.

तरीही हा इतिहास चळवळीतल्या तरुणांनी वाचायला हवा. दक्षिण आफ्रिकेतल्या लोकांनी तीन प्रश्न सोडले नाहीत. डॉक्टर होण्याची संधी कोणाला मिळते? त्याचे शिक्षण कुठे आणि कोणत्या लोकांमध्ये होते? आणि संशोधनाचा विषय कोणाच्या दुखण्यावरून ठरतो? आपल्या जिल्ह्यात नवे वैद्यकीय महाविद्यालय आले की आपण किती जागा एवढेच विचारतो. जागांचा आणि आरक्षणाचा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण प्रवेश मिळालेल्या मुलाला पहिल्या वर्षी आधार कोण देते, त्या महाविद्यालयाचे विद्यार्थी आसपासच्या वस्तीत जातात का आणि तिथल्या आजारांवर प्रबंध होतात का, हेही आपण विचारायला हवे. जे मित्र वैद्यकीय शाखेत शिकत आहेत, त्यांनी आपल्या प्रबंधाचा विषय निवडण्याआधी एकदा आपल्या वस्तीतल्या आशाताईशी बसून बोलावे. फोलेलाच्या टीमनेही काम लोकांच्या घरी जाऊन, त्यांचे ऐकूनच सुरू केले होते.